बाहेर मशीन बंद करायची नाय

११ नोव्हेंबर २००२, सोमवार, महाड

पोचले एकदाची! टेम्पोच्या टपावर बारा फुटांची पिवळी कयाक बांधून पुण्याहून महाडपर्यंत येणं म्हणजे वरातच होती. एसटी स्टँडपाशी चहाला थांबलो, तर पाच मिनिटांत घोळका जमला. एकाने विचारलं, ही घसरगुंडी कुठल्या शाळेची? मी म्हटलं, ही होडी आहे, एका माणसाची. पाय पसरून आत बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं मारायचं. त्याने कयाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी काळजीने विचारलं, एकट्याच बसणार?

राहायची सोय कोर्टाच्या मागे, विनोदिनीबाईंकडे. निवृत्त गणिताच्या शिक्षिका, एकट्याच राहतात. मला माडीवरची खोली दिली आहे. भिंतीवर जुन्या पुराच्या पाण्याची रेघ त्यांनी पेन्सिलीने जपून ठेवली आहे, तारखेसकट. आमचं जमणार.

कामाचं थोडक्यात लिहून ठेवते. छोट्या मच्छीमाराला समुद्रात जायला मशीनची होडी बरी की कयाक, याची डिसेंबरच्या मध्यापर्यंत तुलना करायची. मासा किती, इंधन किती, धोका किती. अहवाल आमोदला, म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुखाला द्यायचा. कयाक चांगली ठरली तर जानेवारीत खाडीकाठच्या वाडीला वीस कयाकी मिळणार. माझ्याआधी राजेंद्र नावाचे गृहस्थ हे काम करत होते, इथलेच, पोलादपूरकडच्या कापडे गावचे. तब्येतीमुळे सोडलं म्हणे.

एकतीस वर्षांची इरावती अखेर खाऱ्या पाण्याच्या नोकरीला लागली. सांगलीच्या कृष्णेत पोहायला शिकलेल्या मुलीला आणखी काय हवं?

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दासगावच्या पुढे, खाडीच्या काठाला वाडी आहे. तिथले सोनबाकाका माझे जोडीदार. पंचावन्नच्या आसपासचे, काटक, कमी बोलणारे. त्यांची लाकडी होडी अठरा फुटांची, मागे रॉकेलवर चालणारं आठ हॉर्सपॉवरचं मशीन. मी कयाक पाण्यात सोडली तेव्हा सगळी वाडी काठावर. सोनबाकाकांनी तिला एकदा थोपटलं आणि नाव ठेवलं, शेंग. आता सगळे शेंगच म्हणतात.

त्यांच्या बायकोने, जानकीबाईंनी, भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. त्या हसतमुख, तोंडाने फटकळ. राजेंद्रनी भाकरी कधी धड बसून खाल्ली नाही, शेवटी शेवटी तर उभ्यानेच खायचे, म्हणाल्या.

काकांची अट एकच. खाडीचं तोंड ओलांडलं की मशीन चालूच राहणार, मासे धरतानाही. रॉकेल फुकट जळतं, असं मी म्हटल्यावर ते म्हणाले, "जळू दे. बाहेर मशीन बंद करायची नाय." शिडाच्या होड्या होत्या तेव्हा त्यांचे वडील पत्र्याचा डबा वाजवत बसायचे, दुसरा माणूस मासे धरायचा. का, ते वडिलांनी सांगितलं नाही. आवाज ठेवायचा, एवढंच. मी वहीत नोंद केली: रूढी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पहिली फेरी! पहाटे ओहोटीबरोबर निघालो, शेंग मागे दोरीला. आंबेतच्या पुलाखालून गेलो तेव्हा उजाडलं. नऊच्या सुमाराला तोंड ओलांडून बाहेर, काठ निळी रेघ होईपर्यंत. तिथे मी शेंगेत उतरले आणि अर्धा मैल बाजूला गेले.

फरक लिहिते. होडीत माणूस पाण्यावर बसतो, कयाकीत पाण्यात. माझी कंबर लाटेच्या खाली असते. होडीत उभं राहता येतं, जाळं टाकता येतं, बर्फाची पेटी ठेवता येते. इथे मांडीवर एक दोरी, तिच्या टोकाला गळाची गरी, पायाशी एक टोपली. पण शांतता! माशाला माझा पत्ताच लागत नाही. कयाकीच्या बुडाला छोटे मासे अंग घासून जातात ते मांडीला कळतं.

काकांनी दोन दोऱ्यांवर अकरा किलो धरले. मी एका दोरीवर सात, त्यात एक तांब दोन किलोची. दोरीमागे बघितलं तर शेंग पुढे. काका हसले नाहीत. परत येताना मी दमले का, हे तीनदा विचारलं. आणि मग, काय ऐकू आलं का? मी म्हटलं, तुमचं मशीन!

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरी फेरी. शेंग नऊ किलो, होडी दहा. तळहाताला घट्टे. रॉकेल शून्य, धूर शून्य. आमोदला एसटीडीवरून आकडे सांगितले, तो जवळजवळ ओरडलाच. विनोदिनीबाईंनी तांबेचं कालवण केलं आणि मला सरासरी कशी काढायची ते पुन्हा शिकवलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणते.

समुद्र ताटासारखा सपाट होता. काका लांब, मशीनचा आवाज डासाएवढा. मी वल्हवत होते आणि मागे दुसरं वल्हं ऐकू आलं. माझं पातं पाण्यात जाई, चळ्ळ, आणि अर्ध्या क्षणाने मागून, चळ्ळ. आधी वाटलं, प्रतिध्वनी. पण सपाट समुद्रावर प्रतिध्वनी कशावरून येणार? मान वळवली. कोणी नाही. पाणी कोरं.

मी थांबले. त्याने आणखी दोन वल्ही मारली आणि मग तेही थांबलं.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबले. पुन्हा दोन.

मी सहा वेळा हे करून पाहिलं. संशोधकाचा स्वभाव! सहाव्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी प्रयोग करत नव्हते, मी त्याला बारा वल्ही जवळ आणलं होतं. मग मी काकांच्या होडीपर्यंत हात भरून येईस्तोवर वल्हवलं.

काकांना काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. पण शेंगेला दोरी बांधताना त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

फेरी रद्द, माझं अंग दुखतं म्हणून. दुपारी टेबलाशी आकडे मांडत बसले होते. खिडकीखाली गल्ली, गल्लीत भर उन्हात कोणाची तरी सायकल. आणि चळ्ळ.

नळ बंद होता. बादली कोरडी होती. मी खात्री केली.

टेबलाशी बसले की आवाज येतो. उठून खोलीत चालले की नाही. विनोदिनीबाई जिन्यावरून म्हणाल्या, किती येरझाऱ्या घालतेस गं, खालचं छत झिजेल! मी हसले आणि चालत राहिले. बाजारातून चवदार तळ्यापर्यंत, तिथून गांधारी नदीपर्यंत, तिथून परत. आठ किलोमीटर असेल. चालताना बरं वाटतं.

३ डिसेंबर, मंगळवार

आज काकांना मशीन बंद करायला लावलं.

कारण मी असं दिलं: मासा मशीनच्या आवाजाने बुजतो की होडीच्या आकाराने, हे कळल्याशिवाय तुलना अर्धी राहते. दहा मिनिटं फक्त. ते नाही म्हणाले. मी म्हटलं, वीस कुटुंबांचा प्रश्न आहे, काका. तरी नाही. मग मी म्हटलं, तुम्ही घाबरता का? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मशीन बंद केलं.

मी त्यांच्या होडीला लागून शेंगेत होते. आम्ही दोघंही वल्हवत नव्हतो.

पहिल्यांदा नुसतं पाणी. मग मागून, लांबून, आलं. काकांची मान हळूच वळली. म्हणजे त्यांनाही ऐकू आलं. ते दोन वल्ह्यांवर थांबलं नाही. पाच झाली, सात झाली. काकांनी मशीनची दोरी ओढली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मशीन सुरू झालं.

वाडीला लागेपर्यंत त्यांनी मशीनवरचा हात काढला नाही. उतरताना म्हणाले, "ताई, तुमाला आधीच ऐकू येत होतं ना?"

मी नाही म्हटलं.

५ डिसेंबर, गुरुवार

खरं कारण लिहून टाकते. माशाच्या बुजण्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला हे एकटीला ऐकायचं नव्हतं. बस.

वाडीत गेले होते. काका काठावर होडीत बसून, मशीन नुसतंच चालू. जानकीबाई म्हणाल्या, दोन दिवस असंच, जेवायलाही घरात येईना, रॉकेलचा वास सुटलाय सगळीकडे, काय झालं गो यांना? मी म्हटलं, थकले असतील.

९ डिसेंबर, सोमवार

सोनबाकाका काल पहाटे एकटेच बाहेर गेले. आज सकाळी दुसऱ्या होडीवाल्यांना त्यांची होडी तोंडाबाहेर सापडली.

मशीन ठीक. रॉकेलचा डबा कोरडा. दोन्ही वल्ही जागेवर. वल्ह्यांच्या मुठींना कातडी चिकटलेली होती, तळहाताची. इतका वेळ त्यांनी वल्हवलं.

काका नाहीत.

ते बाहेर का गेले असतील? मला वाटतं, तो आवाज घरापासून लांब न्यायला.

११ डिसेंबर, बुधवार

वाडीत गेले. जाणं भाग होतं.

जानकीबाई शेंगेत बसत होत्या. गुडघाभर पाण्यात, लुगडं खोचलेलं, वल्हं उलटं धरलेलं. कोणी शोधत नाही म्हणून मीच जाते, म्हणाल्या. शेंग बिनआवाजाची हाय, हाक मारली तर त्यांना ऐकू जाईल. मी त्यांना कमरेला धरून ओढलं. आम्ही दोघी चिखलात पडलो. मग मी कुणाच्या तरी अंगणातली कुऱ्हाड आणली आणि शेंगेचं बूड फोडलं, चार ठिकाणी. संस्थेची वस्तू. सगळे बघत राहिले.

जानकीबाईंनी तोंडावरचा चिखल पुसला. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माज्या माणसाला मशीन बंद करायला तुमीच लावलंत ना?"

मी हो म्हटलं.

"काय ऐकलं त्यांनी?"

मी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, मग परत हितं पाय ठेवू नका.

हे लिहायला सात मिनिटं लागली. तेवढ्यात ते जिन्याच्या तळाशी —

उठते.

१३ डिसेंबर, शुक्रवार. पोलादपूरच्या बसमध्ये

बस चालू असली की लिहिता येतं. हे मला राजेंद्रनी शिकवलं.

राजेंद्र उभ्यानेच खायचे, हे जानकीबाईंचं बोलणं आठवलं, म्हणून सकाळी कापड्याला गेले. भात झोडून झालेलं, खळ्यात पेंढ्याची उडवी. राजेंद्र उडवीभोवती फिरत होते. चाळिशीचा माणूस, पायाला चिंध्या बांधलेल्या. मी नाव सांगितलं. थांबले नाहीत. मीही त्यांच्या बरोबरीने फिरत राहिले, असंच आमचं बोलणं झालं.

ते म्हणाले, वल्ह्याच्या होडीने एकदा बाहेर गेलो, तिथेच ऐकलं; ज्याने ऐकलं त्याच्याच मागे लागतं. आवाजात ते ऐकू येत नाही, पण एकदा ऐकल्यावर आवाजाचा उपयोग नाही. आपण हलत असलो की ते आहे तेवढ्यावर राहतं. थांबलो की पुढे सरकतं. मागे कधीच जात नाही. सुरुवातीला दोन वल्ही, मग पाच, मग आपण थांबू तितका वेळ ते वल्हवत राहतं. झोप राजेंद्र एसटीतच घेतात. महाड ते पोलादपूर, पोलादपूर ते महाड, पास काढलाय. कंडक्टर वेडा समजतात, बसू देतात.

मी विचारलं, हे संस्थेला का नाही सांगितलं? म्हणाले, सांगितलं. साहेब म्हणाले, विश्रांती घ्या. एवढं बोलून ते पहिल्यांदा हसले.

किती जवळ आलंय, विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यामागे बघितलं आणि म्हणाले, "तुमचं माझ्यापेक्षा जवळ हाय."

१५ डिसेंबर, रविवार. बस

आमोदला फोन केला. बूथमध्ये जागच्या जागी पाय मारत. सोनबाकाकांचं त्याला फार वाईट वाटलं. मशीनच्या होड्या किती धोक्याच्या, हेच यातून सिद्ध होतं, म्हणाला. शेंगेचे आकडे उत्तम आहेत, वीस कयाकी तयार आहेत, फक्त माझा सही केलेला अहवाल अठरा तारखेच्या आत टपालात पडला की काम झालं. कयाकी नको म्हटलं. कारण विचारलं. कारण सांगितलं.

त्याने आधी विचारलं, झोप होते का नीट? मग म्हणाला, विश्रांती घे, इरावती. मी आकड्यांवर निर्णय घेतो.

वीस शेंगा. वीस माणसं सपाट समुद्रात, मशीन नाही, डबा नाही. वाडीतली पोरंसोरंही हौसेने बसतील.

तर आकडे बदलायचे.

१६ डिसेंबर. बस

आयुष्यात कधी खोटा आकडा लिहिला नव्हता. आज चाळीस लिहिले. शेंग सात किलो, दोन केलं. नऊचं दीड. फोनवर सांगितलेले आकडे काट्याच्या चुकीने फुगले होते, असंही लिहिलं. दोनदा उलटली असं लिहिलं. लाटेत दिसत नाही, मोठ्या बोटीखाली जाईल — हे खरंच आहे. मशीनची होडी प्रत्येक बाबतीत सरस. एकट्या माणसाला बिनमशीनचं बाहेर पाठवू नये, याखाली दोन रेघा.

बस हलते, अक्षर वेडंवाकडं. सिग्नल नाहीत हे एक बरं. पण थांबे. प्रत्येक थांब्यावर मी उठून दांड्याला धरून पाय हलवते. लोक बघतात.

विनोदिनीबाईंकडे कपडे घ्यायला गेले. त्यांनी काही न विचारता माझ्या पायांना तेल लावलं, मी जिन्यावर वरखाली करत असताना, पायरीपायरीने माझ्याबरोबर चढत-उतरत. पासष्ट वर्षांची बाई. मी रडले. त्यांनी विचारलं, अगं, जिना ओला कशाने झाला?

पुन्हा तिथे जायचं नाही.

१७ डिसेंबर. सकाळ

पोलादपूर स्टँडवर कळलं. राजेंद्र परवा बसमध्येच — गाडी डेपोत लावल्यावर पाहिलं, सीटवर झोपलेले. डेपोवाल्यांना तसं वाटलं. कपडे भिजलेले. तोंडातून पाणी. खारं, कंडक्टर म्हणाला. त्याने चाखलं नाही, वासावरून.

त्यांची गाडी दुरुस्तीला थांबवली होती. त्यांना कोणी उठवलं नाही.

मी आता मोठ्या पल्ल्याची धरली आहे. महाड ते खेड. कशेडी घाटातून. मध्ये थांबे कमी.

दोन तक्ते आणि शेवटचं पान राहिलंय.

१७ डिसेंबर. दुपार

घाटात गाडी थांबली.

ट्रक आडवा झालाय पुढे. कंडक्टर म्हणतो, तास तरी. लोक उतरून बघायला चालले.

चळ्ळ.

उतरून चालत सुटले तर वेळ मिळेल. घाट उतरून पोलादपूर, पुढे महाड, चालतच. पाय चालतील तेवढं. पण चालताना लिहिता येत नाही. उद्या अठरा.

बसते.

एक तक्ता झाला.

जवळ. डांबरावर पाण्याचा आवाज कसा येतो कोण जाणे. बाहेर ऊन आहे, लख्ख. माकडं बसलीत कठड्यावर — होती. गेली.

दुसरा तक्ता. सवयीने खरा आकडा लिहिला. सात लिहिलेला खोडून दोन. खाडाखोड दिसायला नको. पुन्हा लिहिला.

शेजारच्या सीटवरच्या बाई, पोलादपूरच्या शाळेत शिकवतात. मागे येणाऱ्या जीपने परत जाणार. त्यांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा, एक पाकीट टाकाल का आजच्या टपालात? थांबते म्हणाल्या.

शेवटचं पान. कयाकी देऊ नयेत. देऊ नयेत. नीट अक्षरात.

गाडीच्या मागच्या दारापाशी.

सही.

पाकीट दिलं. त्या उतरल्या. जीप वळली, खिडकीतून दिसली, पाकीट त्यांच्या हातात होतं, वर धरलेलं, मला दाखवायला. गेली.

झालं. वीस जणांचं तरी —

आता उठता येईल. पाय उठत नाहीत. भिजलेत, घोट्यापर्यंत. बसमध्ये मी एकटी आहे. वल्हं थांबलंय. पहिल्यांदाच, मी बसलेली असताना, थांबलंय.

कोणी होडीत चढताना होडी कशी एका अंगाला कलते, तशी बस मागच्या बाजूने कल